लालभडक हळद

रविवारी शेंगांच्या आमटीचा हात नकळत नव्याकोऱ्या पांढऱ्या टॉवेलला पुसला. टॉवेल आपल्या सोलापूरचाच, टर्किश. आईने बघायच्या आत मोरीत नेला आणि धुण्याच्या वडीने खसाखसा घासला. पिवळा डाग जायचं सोडून लालभडक झाला.

शेजारच्या आजी कठड्यावरून डोकावल्या. "काय रे, हात कापून घेतलास की काय?"

"नाही आजी, हळद आहे."

"मग लिंबू पिळ की."

पिळलं. डाग पिवळा. पुन्हा साबण, पुन्हा लाल. चार-पाचदा हाच खेळ केला. टॉवेल धुवायचाय हे विसरूनच गेलो. शाळेत लिटमसची चिमुकली पट्टी एका बाकाला एक मिळायची, तीही जपून. आणि इकडे मिसळणाच्या डब्यात वाटीभर दर्शक, म्हणजे आम्ल की अल्कली ते रंगाने सांगणारा पदार्थ, पडून होता! सरांनी सांगितलं असेलही, माझंच लक्ष नसणार.

हळदीतलं करक्युमिन आम्लात पिवळंच राहतं. साबण, सोडा, चुना अशा अल्कलीच्या संगतीत त्याच्या रेणूतला हायड्रोजन आयन काढून घेतला जातो आणि रंग पालटतो. लिंबू तो आयन परत देतं. म्हणजे आजींच्या लिंबाने डाग गेला नव्हता, नुसता मूळ रंगावर आला होता. जुन्या पद्धतीच्या कुंकवात तरी दुसरं काय असतं? हळकुंडं, लिंबाचा रस आणि टाकणखार. देव्हाऱ्यात हळद-कुंकवाच्या दोन वाट्या शेजारी शेजारी असतात, पण नातं इतकं सख्खं असेल असं वाटलं नव्हतं.

आम्लपणा मोजायची पीएच ही आकड्यांची मोजपट्टी रसायनशास्त्रज्ञ सोरेनसन यांनी १९०९ साली कोपनहेगनला काढली, तीही बिअरवाल्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत. (हे आजींना सांगितलं नाही.) ७ म्हणजे मधोमध, खाली आम्ल, वर अल्कली, आणि दर पायरीला दहापट फरक. लिंबू २ च्या आसपास, ताक साडेचारच्या. आकडे शेजारचे वाटतात, पण लिंबाचा आंबटपणा शेकडो पट निघतो.

शेवटी टॉवेल तसाच पिवळा दोरीवर टाकला. एप्रिलचं सोलापूरचं ऊन. तिसऱ्या दुपारी डाग शोधूनही सापडेना. उन्हात करक्युमिन विरतं.

आईने टॉवेल घडी घालताना उलटसुलट करून पाहिला. "अर्धी वडी झिजवलीस उगाच," म्हणाली.