दादाचं नाक आणि रिपोर्टमधली ती एक ओळ

आमच्या दादाला सायनस आहे, म्हणजे घरात सगळे तसंच म्हणतात. निपाणीत तंबाखूच्या वखारीत २० वर्षं काम, त्यामुळे धुळीनंच झालं असणार म्हणून विषय तिथंच संपायचा. नाकात मांस वाढलेलं, ऑपरेशन झालं, वर्षभरात परत वाढलं. घरात फोडणी करपली तरी त्याला कळेना झालंय, वैनीला या गोष्टीचं फार वाईट वाटतं.

दुसऱ्या ऑपरेशनआधी बेळगावातल्या नव्या डॉक्टरनी जुनी फाईल चाळली आणि सीबीसीतल्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीतल्या, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर बोट ठेवलं. ९ टक्के. रक्ताच्या एका मायक्रोलिटरला एकूण पांढऱ्या पेशी ८,२००, म्हणजे इओसिनोफिल साधारण ७३८. हा रिपोर्ट तीन वर्षं आमच्या कपाटात पडून होता बघा, आधीच्या दवाखान्यात कुणी त्यावर एक शब्द बोललं नाही, याचा मला अजून राग येतो.

डॉक्टर म्हणाले, १२ आठवड्यांच्या वर टिकलेला सायनस सगळ्यांचा सारखा नसतो. काहींच्या नाकात इओसिनोफिल पेशी जमतात, त्यांना आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ हे संदेश देणारे प्रोटीन चेतवतात, याला टाइप २ म्हणतात. अशांना बऱ्याचदा दमाही असतो, वास जातो, काढलेलं मांस परत येतं. काहींच्यात न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त, मग औषधाचा विचार वेगळा करावा लागतो. युरोपच्या २०२० च्या नियमावलीत रक्तात इओसिनोफिल २५० किंवा जास्त, आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रोटीन) १०० किंवा जास्त, नाहीतर काढलेल्या तुकड्यात मायक्रोस्कोपच्या मोठ्या पॉवरच्या एका फील्डला १० किंवा जास्त इओसिनोफिल, यातलं एक जरी असलं तरी टाइप २ धरतात, २०२३ मध्ये रक्ताचा आकडा १५० वर आणला. पण नुसत्या रक्तावर जाऊ नये, पोटात जंत असले तरी इओसिनोफिल वाढतात, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या की खाली येतात. म्हणून गोळ्या सुरू करायच्या आधी टेस्ट करा, एवढं मी खानापूरच्या मामांनापण फोन करून सांगितलं.

यावेळी काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला देताना मीच विचारलं, पेशी मोजणार ना? नुसतं 'पॉलिप', म्हणजे वाढलेलं मांस, एवढंच लिहून पाठवू नका. रिपोर्टमध्ये फील्डला ४० च्या वर आले. आता दादा रोज मिठाच्या पाण्यात स्टेरॉइडचं औषध घालून नाक धुतोय, महागड्या इंजेक्शनचं डॉक्टर नंतर बघू म्हणालेत. वास अजून आलेला नाही. पुढच्या महिन्यात परत दाखवायचं आहे, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवलेत.