जुन्या मियाटाचा आवाज सुधारायचाय? आधी दरवाजा उघडा

माझ्याकडे १९९४ ची माझदा मियाटा आहे, पहिल्या पिढीची, ती हेडलाइट वर उचलले जाणारी. गाडीत बसून गाणी ऐकली की लोक पहिलं विचारतात सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचा तो मोठा स्पीकर, कुठे लपवलायस, आणि मी सांगतो की सबवूफर नाहीच्चे. मग विश्वास बसत नाही. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू, कारण न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींपैकी दोघातिघांनी अलीकडे जुन्या मियाटा घेतल्यात आणि सगळे थेट नवीन हेडयुनिटच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओच्या, मागे लागलेत. मी म्हणेन थांबा, पैसे आधी दरवाज्यात घाला.

ही गाडी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली तेव्हापासून तिचं सगळं कौतुक हलकेपणाचं आहे. जेमतेम हजार किलो वजन, कापडी छत, पातळ पत्रा. चालवायला यासारखं सुख नाही, पण स्टिरिओच्या दृष्टीने हाच हलकेपणा नडतो, कारण टायरचा आणि वाऱ्याचा आवाज सरळ आत येतो आणि तो बहुतेक खालच्या पट्टीतला असतो, म्हणजे नेमका तुमचा बेस खाऊन टाकतो. मग आपण काय करतो, व्हॉल्यूम वाढवतो, आणि तीस वर्षं जुना स्पीकर फाटल्यासारखा वाजायला लागतो. वर छत उघडलं की बंद गाडीत आपोआप मिळणारा बेसचा जोर तोही निघून जातो.

दरवाजा उघडणं अजिबात अवघड नाही. आतल्या हँडलच्या वाटीतला स्क्रू, ओढायच्या मुठीचे स्क्रू, आणि मग हाताने काच खालीवर करायचं हँडल असेल तर ते. त्या हँडलच्या मागे घोड्याच्या नालेसारखी एक बारीक तारेची क्लिप असते, दिसत नाही, आणि पान्याने उचकटायला गेलं तर पॅनल फाटतं. तिथे एक जुनं सुती फडकं घ्यायचं, हँडल आणि पॅनलच्या फटीत घालायचं आणि दोन्ही टोकं धरून इकडून तिकडे ओढत राहायचं, बूट पॉलिश करतात तसं. फडक्याचा धागा क्लिपच्या टोकाला अडकतो आणि ती टक्कन उडते. उडते म्हणजे खरंच उडते, दुसरा हात समोर धरून ठेवा नाहीतर गॅरेजभर शोधत बसाल. मग कडेच्या प्लास्टिक क्लिपा सोडवल्या की पॅनल हातात.

आता बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारून बघा. टण्ण असा डब्याचा आवाज येतो ना, गाणं लागलं की स्पीकरबरोबर हा पत्राही असाच वाजतो. तो थांबवायला ब्युटाइलची चिकट शीट मिळते, वर ॲल्युमिनियमचा थर असलेली. पत्रा अल्कोहोलने स्वच्छ पुसायचा आणि शीट छोट्या रोलरने दाबून बसवायची. बाहेरचा पत्रा पूर्ण मढवायची गरज नाही, मधल्या भागात पाव-एक जागा झाकली तरी टिचकीचा आवाज धप्प होतो. लोक इथे उगाच किलोकिलो माल चिकटवतात, मला ते पटत नाही, हलक्या गाडीत तर नाहीच. आतल्या पत्र्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याला मोठमोठी भोकं असतात आणि ती सगळी बंद करावी लागतात, कारण स्पीकरच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाच्या बरोब्बर उलटा असतो, भोकातून बाहेर आला की दोघं मिळून बेस मारून टाकतात. सगळ्यात जास्त फरक मला इथेच ऐकू आला, स्पीकर तेच जुने असताना. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, दरवाज्याच्या तळाशी पाणी जायला फटी असतात त्या अजिबात बुजवू नका, नाहीतर दरवाजा आतून गंजेल. हे काम उन्हाळ्यातच करा, इकडच्या थंडीत शीट चिकटत नाही.

स्पीकर साडेसहा इंची बसतात. घेताना खोली मोजून घ्या, काच पूर्ण खाली केल्यावर मागच्या चुंबकाला घासायला नको. खालची रिंग लाकडी एमडीएफची नको, दरवाज्यात पाऊस येतोच आणि एमडीएफ पाणी पिऊन फुगतं, प्लास्टिकची घ्या. जोडताना प्लस-मायनस दोन्हीकडे सारखं हवं, दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की दोन्ही स्पीकरचे हलणारे पडदे एकाच दिशेला, बाहेर यायला पाहिजेत.

हेडयुनिटच्या डब्यावर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असतं ते क्षणिक कमाल असतं, सलग ताकद साधारण २० वॉटच्या आसपासच मिळते. वाऱ्याशी झुंजायला ते कमी पडतं, त्यामुळे स्पीकरना ताकद देणारा वेगळा ॲम्प, छोटा क्लास-डी प्रकारचा, हवाच. आणि इथे मियाटा आपल्या बाजूने आहे, कारण हिची बॅटरी डिकीतच असते! ॲम्पही डिकीत ठेवला की पॉवरची वायर हातभर पुरते, आणि ती केबिनमधून सिग्नलच्या वायरशेजारून जातच नाही, त्यामुळे इंजिनाबरोबर चढणारी ती कुईं शिट्टी यायचं एक मोठं कारणच संपतं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि अर्थिंगच्या जागेवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडायचा. ॲम्पवरचा गेनचा स्क्रू, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा, व्हॉल्यूम समजून फिरवू नका, आवाज फाटायला लागायच्या आधी थांबा.

मग ट्यूनिंग. दरवाज्याच्या स्पीकरना ७०-८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खोल बेस, पाठवूच नका, ते काम त्यांचं नाही. इथे गाडी डावीकडून चालवतो, डावा स्पीकर गुडघ्यापाशी आणि उजवा साधारण अर्धा मीटर जास्त लांब. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे डाव्याला दीड मिलिसेकंद उशीर दिला की गायक डाव्या दारातून उठून समोर डॅशबोर्डच्या मध्यावर येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. मी हे सगळं तंबोरा आणि तबल्यावर लावतो, तंबोऱ्याची जवारी करकरीत न होता उलगडली पाहिजे आणि डग्ग्याची घुमक, हाताने दाबल्यावर सूर वर सरकतो ती, सलग ऐकू आली पाहिजे, मध्येच बारीक नको.

दोन सेटिंग सेव्ह करा, छत बंद असतानाचं एक आणि उघडं असतानाचं एक. उघड्यामध्ये १०० ते २०० हर्ट्झ थोडं वर. सीटच्या हेडरेस्टमधले छोटे स्पीकर असतील तर ते ठेवा, पण अगदी हळू, छत उघडं असताना शब्द कळतात तेवढेच. ते जोरात लावले की गायक मानेमागे जाऊन बसतो आणि समोर जमवलेलं सगळं विस्कटतं. सबवूफरचं म्हणाल तर माझं मत ठाम आहे, या गाडीच्या डिकीत दोन बॅगा मावतात, त्यातली एक जागा डब्याला देण्यापेक्षा दरवाजे नीट करा. हे सगळं करूनही कमी वाटलं तर मला मेसेज टाका, गाडी घेऊन या, ऐकून बघू.