अकरा, आठ, सात

मे महिन्यातली दुपार. बँकेत सर्व्हर डाऊन, 'साडेतीननंतर या' म्हणाले. बाहेर एकेचाळीस अंश. घरी जाऊन परत येण्याची हिंमत नव्हती, म्हणून समोरच्या कॅफेत शिरलो, एसीखालची खुर्ची पकडली आणि गरज नसताना कोल्ड कॉफी मागवली. वरच्या स्पीकरमधून कुणी एक बाई, झोपाळ्यावर बसून गावं तशा आवाजात, गात होती : 'हिअर कम्स द सन'.

हसूच आलं. पुण्यात मे महिन्यात ऊन आलं ही काय गाणं करण्याजोगी बातमी आहे? 'ऊन आलं गं, ऊन आलं' असं आमच्याकडे आनंदाने ओरडायची ती फक्त गच्चीवर कुरडया घातलेली आजी. बाकी आपली सगळी गाणी पावसाची.

पण ते गाणं लिहिणाऱ्या, बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या, जॉर्ज हॅरिसनला ऊन खरंच हवं होतं. इंग्लंडमधला लांबलचक हिवाळा नुकता सरलेला, साल १९६९. बीटल्सच्या कंपनीत रोज हिशेब, वकील, सह्या. एक दिवस त्याने सरळ दांडी मारली, मित्राचं, एरिक क्लॅप्टनचं, घर गाठलं आणि त्याचीच गिटार घेऊन बागेत फिरता फिरता हे गाणं केलं. थंडीचं आपण सोडून देऊ. मीटिंग चुकवल्याचा आनंद मात्र सदाशिव पेठेतही कळतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात बीटल्सची 'ॲबी रोड' ही रेकॉर्ड आली आणि तेव्हापासून लोक तिच्यातली गाणी गातच आहेत. या एका गाण्यालाच किती जणांनी हात लावला! रिची हेवन्सने गिटार खरवडत, बस सुटायला आल्यासारखं म्हटलं. बीटल्सनी तिकडे ते सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड म्हणून, काढलंच नव्हतं. अमेरिकेत १९७१ साली पहिल्या विसांत पोचलं ते याचं. त्याच वर्षी नीना सिमोनने गायलं. तिचं ऐकताना वाटतं, ऊन अजून आलेलं नाही, ती स्वतःचीच समजूत घालते आहे. माझं मत विचाराल तर मूळ गाण्याच्या शेजारी मांडी घालून बसण्याचा हक्क फक्त तिला.

आता माझी खोड. या गाण्याचं कुठलंही कव्हर, म्हणजे दुसऱ्या कुणी गायलेलं रूप, लागलं की मी आवाज, वाद्यं वगैरे ऐकत नाही. मधल्या त्या जागेची वाट बघतो. 'सन, सन, सन' म्हणत गाणं सरळ चाल सोडून अडखळल्यासारखं उतरतं ना, ती. तिथे मात्रा अकरा, मग आठ, मग सात अशा पडतात. माझा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून फिरायला लागतो. ती जागा नीट घेतली तर गाणारा आपला.

हे लागलं मामाच्या वाड्यात. मामेभाऊ कॉलेजात होता, तीन मित्रांबरोबर त्याचा बँड होता आणि गॅदरिंगसाठी हेच गाणं बसवत होते. तालमी माळ्यावर. मी बारा वर्षांचा, तबल्याच्या क्लासला जाणारा, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेलो. ड्रमवाला त्या जागेला आला की दरवेळी गडगडायचा. कॅसेट मागे फिरव, पुन्हा वाजव. फिरवायची ती पेन्सिलीने, टेपचं रिवाइंडचं बटण गेलेलं. चौथ्या दिवशी न राहवून मी म्हणालो, "दादा, ती तिहाई आहे." तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं.

"तू गप रे!"

संध्याकाळी कॅसेट पिशवीत टाकून गुरुजींकडे नेली. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं. डग्ग्यावर बोट टेकवून हिशेब केला. मग म्हणाले, "तिहाई नाही रे ही. पण तिहाईच्या घरी जेवून आलेली दिसते."

तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. पुढे वाचलं की हॅरिसन १९६६ साली मुंबईला आला होता, रविशंकरांकडे सतार शिकायला. १९६८च्या जानेवारीत पुन्हा आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग करून गेला. म्हणजे गुरुजी म्हणाले तसं, जेवण झालेलं होतं!

मग दादाने मला माळ्यावर घेतलं. आठवडाभर मी टाळ्या देत 'अकरा, आठ, सात' करत होतो आणि ते चौघे माझ्याकडे बघून वाजवत होते. गॅदरिंगच्या दिवशी मला विंगेत उभं केलं. ती जागा आली, मी हात वर केले, आणि ड्रमवाला माझ्याकडे बघण्याऐवजी पहिल्या रांगेत कुणाकडे तरी बघत होता. गेला गडगडत. दादा गाता गाता थांबला नाही. नुसती मान वळवून माझ्याकडे बघितलं त्याने. दोन वर्षांपूर्वी त्याला आयसीयूच्या काचेतून बघितलं तेव्हाही त्याने तशीच मान वळवली होती.

कॅफेतल्या बाईची ती जागा आली. माझा अंगठा पेरावर. आणि तिने ती चक्क सरळ केली! साधे चार-चारचे तुकडे, इस्त्री मारल्यासारखे. कुठे खड्डा नाही, वळण नाही. एसीत बसून कॉफी पिणाऱ्यांना दचकायला नको म्हणून असेल.

"सर, काही हवंय का?" काउंटरवरच्या मुलाने विचारलं. माझा हात हवेत होता, बोटं मोजत.

"काही नाही रे," म्हटलं, "उन्हं उतरली की निघतो."