डीजीला गॅस लावला, पण तो पेटतो कसा?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आता बऱ्याच युनिटमधे डीजीला, म्हणजे डिझेल जनरेटरला, ड्युअल फ्युएल किट (डिझेलसोबत गॅसही जाळायची सोय) बसायला लागलंय, आणि किट बघितलं की पहिला प्रश्न ठरलेला, स्पार्क प्लग कुठंय राव? नाहीये. गॅस हवेसोबत आत येतो आणि पिस्टन वर जाताना सगळं दाबलं जातं. हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो आपोआप पेटायला साधारण ५४० अंश लागतात, डिझेलला २१०-२५० च्या आसपास पुरतात. आता १७ पट दाबलेली हवा ५४० च्या वर सहज जाते, मग गॅस आधीच का पेटत नाही? कारण वेळच नसतो. १५०० आरपीएमला एक स्ट्रोक २० मिलिसेकंदात संपतो आणि मिथेन पेटायला फार आळशी. म्हणून शेवटी नोझलमधून थोडं डिझेल मारायचं, तेच पायलट. ते पेटलं की फवाऱ्यात एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी जाळ होतो आणि तिथून ज्वाळा गॅसमधे पसरते.

पण गॅस असला की हे पायलटसुद्धा जरा उशिरा पेटतं. गॅसने हवेची थोडी जागा खाल्लेली असते, मिश्रण गरम व्हायला जास्त उष्णता लागते, आणि डिझेल पेटताना जे रॅडिकल्स (आग पुढे नेणारे चंचल कण) तयार होतात त्यातले काही मिथेनच गिळतो. निफाडकडच्या थंडीत पहाटे सुरू केलं तर आत येणारी हवाच गार, म्हणजे अजून उशीर.

आता माझा खरा मुद्दा कमी लोडचा. डिझेल इंजिनला थ्रॉटल (हवा कमी-जास्त करणारी झडप) नसतो, लोड काहीही असो हवा पूर्ण आत येते. लोड कमी म्हणजे गॅस कमी, हवा तेवढीच, मिश्रण इतकं पातळ की ज्वाळा अर्ध्यात विझते आणि उरलेला मिथेन सरळ सायलेन्सरमधून बाहेर. धूर दिसत नाही म्हणून सगळे खूश, अरे पण मिथेन दिसतच नाही ना! आणि तो १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तरी तापवतो, वर पैसे दिलेला गॅस वाया गेला तो वेगळाच.

फुल लोडला उलटी भानगड, मिश्रण दाट होतं, ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यातला गॅस स्वतःहून पेटतो आणि इंजिन ठोकायला लागतं. तिथे गॅस कमी करावाच लागतो. पायलट फार कमी करूनही चालत नाही, कारण नोझलचं टोक त्याच डिझेलने गार राहतं.

त्यामुळे किटवाला '७० टक्के डिझेल वाचेल' म्हणाला की विचारायचं, कुठल्या लोडला? रात्री फक्त लाइट आणि एक कॉम्प्रेसर चालणार असेल तर सरळ डिझेलवर चालवा, ड्युअल फ्युएलमधे ती सोय असतेच, आणि कंट्रोलरमधे किती लोडखाली गॅस बंद होतो ते सेटिंग किट बसवतानाच समोर उभं राहून बघून घ्या.