साडेअकराचा डबा आणि मधला कागद

स्टावांगेरला नोकरीवर रुजू झाले त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "दुपारी काय जेवलीस?" म्हटलं, ब्रेड. पलीकडे जरा शांतता. मग हळूच, "ताप आहे का गं?"

आमच्या घरात ब्रेड म्हणजे तापातलं पथ्य, नाहीतर पाहुणे अचानक आल्यावरची पळवाट. इथे नॉर्वेत अख्खा देश रोज दुपारी ब्रेड खातो, तोही गार. ऑफिस आठ ते चार, साडेअकराला अर्धा तास सुट्टी, आणि ज्याच्या त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं. त्याला म्हणतात मातपाक्के. मात म्हणजे अन्न, पाक्के म्हणजे पुडकं. गरम जेवण संध्याकाळी घरी, तेही पाचच्या सुमाराला. बहुतेक शाळकरी मुलंसुद्धा घरून हेच पुडकं नेतात. १९३० च्या दशकात ऑस्लोच्या शाळांमध्ये कार्ल श्योत्स नावाच्या डॉक्टरांनी मुलांना सकाळी न शिजवलेलं, गार खाणं द्यायला सुरुवात केली होती: भरड पाव, चीज, दूध, फळाची फोड नाहीतर गाजर आणि कॉड माशाचं तेल. तेल सोडलं तर माझ्या शेजारच्या टेबलावर आजही साधारण तेच असतं.

इथलं सँडविच उघडं असतं. खाली एक काप, वर जे काय असेल ते, झाकण नाही. पहिल्या दिवशी मी चार काप केले आणि डब्यात एकावर एक रचले. साडेअकराला झाकण काढलं तर सगळ्याचा एकच गोळा, अंडं वरच्या ब्रेडच्या बुडाला चिकटलेलं. समोरच्या बाईंनी काही न बोलता ड्रॉवरमधून पोस्टकार्डाएवढ्या गुळगुळीत कागदांचा गठ्ठा काढून पुढे सरकवला. दोन कापांच्या मध्ये घालायचा कागद. दुकानात फक्त याच कामासाठी मिळतो. एवढ्याशा गोष्टीला स्वतंत्र कागद आणि त्याला स्वतंत्र नाव, तेव्हाच कळलं की हे लोक डब्याच्या बाबतीत आपल्याइतकेच गंभीर आहेत.

तरी पहिले सहा महिने मी नाक मुरडलंच. चूक माझी होती, मी ब्रेड चुकीचा आणत होते. पाकिटावर एक गोल असतो, चार भागांचा. एक भाग रंगवलेला असेल तर भरड पिठाचं प्रमाण पाव हिश्श्यापर्यंत, चारही रंगवलेले असतील तर ७५ ते १०० टक्के. मी एका भागाचा, मऊ, आपल्या बेकरीतल्यासारखा आणायचे आणि दोन वाजता पुन्हा भूक. आता चार भागांचाच आणते. जड असतो, चावावा लागतो, पण दोन कापांत चारपर्यंत निभतं. दुकानातच कापायचं यंत्र असतं. अख्खा पाव आत ठेवायचा, झाकण लावायचं, खडखड खडखड, आणि कापलेला पाव कागदी पिशवीत सरकवायचा. ही सरकवण्याची कला मला अजून जमलेली नाही. शेवटचे दोन काप हमखास जमिनीवर.

आता माझ्या जोड्या. सकाळी पाच-सात मिनिटांच्या वर एकीलाही लागत नाही.

सगळ्यात लाडकी, टोमॅटोतल्या बांगड्याची. इथे टोमॅटोच्या रसातल्या मॅकरेलचा पिवळा डबा घरोघरी असतो. हा मासा आपल्या बांगड्याचा लांबचा भाऊ, आणि मी वेंगुर्ल्याकडची, त्यामुळे बाकीचं सांगायला नको. काट्याने मोडायचा, वर बारीक कांदा, लिंबू, आणि असेल तर अर्धी हिरवी मिरची. फक्त कांदा वेगळ्या डबीत न्या, शेजारधर्म म्हणून.

दुसरी चक्का आणि मेतकुटाची. इथे केसाम म्हणून मिळतं ते चवीला आपल्या चक्क्याच्या जवळचं. त्यात चमचाभर मेतकूट, किंचित मीठ, वर काकडीच्या चकत्या. ऑफिसात मला दोनदा विचारून झालंय की ही पिवळी पूड कसली. भाजलेल्या डाळी-तांदळाचं पीठ आणि मसाला, एवढंच सांगते.

उकडलेलं अंडं आणि जवसाची चटणी ही घाईची. इथले लोक अंड्यावर ट्यूबमधलं माशाच्या अंड्यांचं पेस्ट पिळतात, टूथपेस्टसारखं. चव बरी आहे, पण खारट फार. आईने पाठवलेली चटणी असताना कोण खाणार?

ब्रेड ओला होऊ नये याची युक्ती मात्र इथली नाही, मुंबईच्या सँडविचवाल्याची. तो हिरव्या चटणीआधी कडेपर्यंत लोणी फासतो, ते नुसतं चवीसाठी नसतं. लोण्याचा थर असला की चटणीचं पाणी पावात उतरत नाही. पातळ थर पुरतो.

तपकिरी चीजबद्दल लिहिलं नाही तर इथली मंडळी रागावतील. ब्रुनोस्त. चीज करताना निघालेलं पाणी दूध-सायीबरोबर आटवत न्यायचं, त्यातली साखर तपकिरी होईपर्यंत. कंदी पेढ्यात कुणी मीठ घातलं तर जसा लागेल तसं लागतं. सफरचंदाच्या कापाबरोबर झकास, पण त्याला पौष्टिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २०१३ साली उत्तर नॉर्वेत एका बोगद्यात २७ टन ब्रुनोस्त नेणारा ट्रक पेटला आणि ती आग कित्येक दिवस विझेना. इतकं तूप-साखर त्यात. मी आठवड्यातून एकदा खाते.

हे चीज कापायला सुरी चालत नाही, त्याला खास हत्यार लागतं. लिलहामरच्या तूर बियॉर्कलुन नावाच्या सुताराने १९२५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दिसायला सुताराच्या रंध्यासारखंच, ओढलं की पातळ पापुद्रा निघतो. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती, जाताना एक घेऊन गेली. परवा व्हिडिओ कॉलवर बघते तर बाई ओट्याशी उभ्या राहून त्याने गुळाची ढेप तासतायत.

"चांगलं आहे गं हे," म्हणाली. "शेजारणीला हवंय. येताना दोन आण."