फोर्टचं कोरीवकाम: ऊन कधी, दगड कुठला

मुंबईच्या फोर्टातलं कोरीवकाम बघायला बहुतेक लोक सकाळीच निघतात. सीएसएमटीसाठी ती वेळ चुकीची. दर्शनी बाजू पश्चिमेला, त्यामुळे सकाळभर ती सावलीत असते. हिवाळ्यात दुपारी दीड ते अडीचच्या सुमारास जा. तेव्हा ऊन भिंतीला घासून येतं आणि दगडातल्या पानाची शीरन् शीर उठून दिसते. चारनंतर ऊन समोरून पडतं आणि तेच काम सपाट वाटायला लागतं.

आधी फाटकाचे खांब बघा. एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ; एक ब्रिटनचा, दुसरा हिंदुस्थानचा. मग खांबांच्या माथ्यांवरची पानं आणि प्राणी. एका माथ्याला निदान पाच मिनिटं द्या आणि त्याला वळसा घालून बघा, कारण पुढून नुसता पाला दिसतो आणि पक्षी कडेला बसलेला असतो. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, पण कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. गॉथिक कमानीत मोर आणि माकडं आली ती त्यामुळेच, आणि या इमारतीचं खरं देखणेपण त्यातच आहे. वरचं काम नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. आठपट दुर्बीण न्या आणि रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर उभे राहा. घड्याळाखालच्या रिकाम्या कोनाड्यात पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता.

दगड ओळखायला शिकलात की निम्मं काम झालं. भिंतीतला पिवळसर दगड मालाडचा. नाजूक काम मात्र पोरबंदरी चुनखडीत, कारण ती मऊ, टाकी सहज चालते. हाच मऊपणा तिला भोवतो. जिथे पावसाचं पाणी थेट लागतं तिथे नाकं, बोटं, पानांच्या कडा झिजतात. जिथे ते पोचत नाही, म्हणजे छज्जाखाली किंवा हनुवटीखाली, तिथे गाड्यांच्या धुरातलं गंधक चुनखडीशी मिळून काळं कवच धरतं. कवच सुटतं तेव्हा खालचं कोरीवकामही घेऊन पडतं.

सगळ्यात वाईट म्हणजे सिमेंटची डागडुजी. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या की भिंतीतला ओलावा सांध्यातून निघू शकत नाही, तो दगडातूनच बाहेर येतो. पाणी सुकतं, क्षार आत राहतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांध्याची राखाडी पट्टी शाबूत आणि दोन्ही बाजूंचा दगड खाल्लेला दिसला, तर समजा सिमेंटच. तिथे चुन्याचाच माल हवा. तैलरंगानेही ओल अशीच कोंडते.

तिथून चालत दहा मिनिटांवर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई (1869). प्रवेशकमानींवरची शेतकऱ्यांची उठावशिल्पं जे. जे.चे शिक्षक लॉकवूड किपलिंग यांची. दारात उभं राहून ती नीट दिसत नाहीत. रस्ता ओलांडा, मग वर बघा.