किम जोंग दुसरे

१९ डिसेंबर २०११, सोमवार. आदल्या दिवशी वाक्लाव हावेल गेले होते. मंगळवारच्या आंतरराष्ट्रीय पानासाठी त्यांच्यावर मोठा लेख मी रविवारी रात्रीच लिहून ठेवला होता. तुरुंगात बसलेला नाटककार पुढे देशाचा अध्यक्ष कसा झाला, चेकोस्लोव्हाकियातली कम्युनिस्ट राजवट गोळीबाराशिवाय कशी घरी गेली, असा तो लेख होता. खरं सांगायचं तर मी त्यावर खूष होतो.

सकाळी चहा घेताना टीव्ही लावला. काळ्या पोशाखातली एक बाई रडत रडत काहीतरी वाचत होती. शब्द एक कळत नव्हता, पण कुणीतरी मोठं गेलंय एवढं कळत होतं. मग खाली पट्टी आली. उत्तर कोरियाचे किम जोंग इल शनिवारी, १७ तारखेला, रेल्वेप्रवासात हृदयविकाराने वारले होते. प्याँगयांगमध्ये सोमवारी दुपारचे बारा वाजले तेव्हा, म्हणजे आपल्या साडेआठला, त्यांच्याच सरकारने जगाला सांगितलं. दक्षिण कोरियाच्या गुप्तहेर खात्यालाही दोन दिवस पत्ता नव्हता. त्यांनीही ते टीव्हीवरच पाहिलं. त्या निवेदिकेचं नाव री चुन ही. १९९४ मध्ये किमच्या बापाच्या, किम इल सुंगच्या मरणाची बातमीही तिनेच वाचली होती, हे मला नंतर समजलं.

हावेल आतल्या पानावर तीनशे शब्दांत बसले.

दुपारी ऑफिसात पोचलो तर डेस्कवर हशा पिकलेला. आमच्याकडे महिनाभरापूर्वी लागलेल्या प्रशिक्षणार्थी पोराने एजन्सीच्या बातमीचं भाषांतर करून ठेवलं होतं. मथळा होता: 'किम जोंग दुसरे यांचे निधन'. चूक कशी झाली ते लगेच कळलं. इंग्रजीत 'इल' लिहिताना आधी मोठा आय आणि त्याला चिकटून छोटा एल येतो. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते दोन्ही म्हणजे नुसत्या दोन उभ्या काठ्या दिसायच्या. पोराने ते रोमन आकड्यातलं दोन समजून घेतलं. जॉर्ज पाचवा, एलिझाबेथ दुसरी, तसा किम जोंग दुसरा.

वृत्तसंपादक कोल्हापूरचे. त्यांनी प्रिंटवर लाल पेन फिरवलं आणि पोराला म्हणाले, "चूक हाय, पण खोटं न्हाई लिहिलंस तू."

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना, कारण घराण्याची चौकट लिहायची माझ्यावर आली होती. गादी, वारस, युवराज, तख्त हे शब्द वापरायचेच नाहीत, असं मी बसतानाच ठरवलं होतं. देशाचं नाव 'लोकशाही जनता प्रजासत्ताक', पक्षाचं नाव 'कामगार पक्ष'. मग भाषाही तशीच ठेवू म्हटलं.

पहिला परिच्छेद ठीक गेला. किम इल सुंग हा जपान्यांशी लढलेला गनिमी काव्याचा माणूस. सोव्हिएत फौजांच्या आधाराने तो वर आला आणि सप्टेंबर १९४८ मध्ये नव्या राज्याचा प्रमुख झाला. जून १९५० मध्ये त्याने दक्षिणेवर हल्ला केला. तीन वर्षांच्या युद्धानंतर जुलै १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली. शांततेचा करार आजवर झालेला नाही. मग त्याने पक्षातले एकेक गट साफ केले. १९५६ मध्ये काही जणांनी बैठकीत त्याच्या व्यक्तिपूजेवर बोट ठेवलं, त्यानंतर ते पक्षात उरले नाहीत. इथवर सगळं इतर कम्युनिस्ट देशांसारखंच होतं.

पुढे गाडी अडली. १९८० च्या पक्ष अधिवेशनात मुलगा, किम जोंग इल, उघडपणे पुढे आणला गेला. याला 'निवड' कसं म्हणायचं? स्टालिन, माओ यांच्यामागे त्यांची पोरं आली नव्हती. १९९४ मध्ये बाप गेला आणि १९९८ च्या घटनेने त्या मेलेल्या माणसाला 'चिरंतन राष्ट्राध्यक्ष' करून टाकलं. मुलगा बापाच्या पश्चात सतरा वर्षं राज्य करून गेला, पण राष्ट्राध्यक्ष झालाच नाही. ती खुर्ची मयताच्या नावावर. आपल्याकडे सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव वर्षानुवर्षं राहतं, ते आठवलं. २००९ मध्ये घटनेतून 'साम्यवाद' हा शब्दसुद्धा काढला. आणि सप्टेंबर २०१० मध्ये नातवाला, किम जोंग उनला, ज्याचं नेमकं वय तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, एका रात्रीत चार तारे लावून जनरल केलं.

सहा वाजता मी चौकटीला मथळा दिला, 'तिसरी पिढी गादीवर'. दुसरा शब्दच नव्हता.

मग वाद झाला तो 'निधन' की 'मृत्यू' यावर. दोनच महिन्यांपूर्वी लिबियाचा हुकूमशहा मारला गेला तेव्हा आम्ही 'गडाफी ठार' असं छापलं होतं, 'यांचे'-बिंचे काही न लावता. मग याला 'यांचे निधन' कशाला? नव्वदच्या दशकात याच्या राज्यात दुष्काळ पडला. त्यात काही लाख माणसं उपासमारीने गेली. काही अंदाज तर वीस लाखांच्या वर जातात. त्याच काळात बापाचा राजवाडा त्याच्या शवासाठी सजवून स्मारक करण्यात आला होता. मी 'मृत्यू'वर अडून बसलो. वृत्तसंपादक म्हणाले, "मेलेल्याला आपण यांचेच म्हणतो. बातमीत काय लिहायचं ते लिही, मथळ्यात शिवी नको." शेवटी 'हुकूमशहा किम जोंग इल यांचे निधन' असं गेलं. एका ओळीत 'हुकूमशहा' आणि 'यांचे'. मराठीतच हे जमतं.

जाता जाता त्यांनी विचारलं, "आज तारीख काय रे? गडाफीनं अणुबॉम्बचा नाद सोडला ती कुठली?" मी शोधलं. १९ डिसेंबर २००३. बरोबर आठ वर्षं. त्याच २००३ च्या जानेवारीत किम अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडला होता. नंतर त्याने २००६ आणि २००९ मध्ये चाचण्या केल्या, आणि तो आगगाडीत, आपल्या माणसांत मेला. गडाफीचं काय झालं ते ऑक्टोबरात सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. मी ती तुलना चौकटीत शेवटी घातली. साडेसातला जाहिरात आली आणि नेमक्या त्याच ओळी कापाव्या लागल्या.

जाहिरातीने चौकट हलली, चौकट हलली म्हणून फोटो बदलला, आणि घाईत मी चुकलो. दोन्ही किमचे फोटो शेजारी शेजारी होते. किम जोंग इल म्हणजे फुगवलेले केस, खाकी जाकीट, मोठा गडद चष्मा. मी लावला तो सूट-टायमधला, रुंद हसणारा गृहस्थ. फोटोओळ मात्र 'किम जोंग इल'. पान सुटलं. अकराच्या सुमाराला शहर आवृत्तीचं प्रूफ हातात आलं तेव्हा ते हसू ओळखीचं वाटलं आणि पोटात गोळा आला. शहर आवृत्ती दुरुस्त केली, पण डाक आवृत्तीच्या गाड्या तोवर साताऱ्याच्या पुढे गेल्या होत्या. पोराच्या 'दुसरे'वर सगळ्यांत जास्त मीच हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आवाज म्हातारा, सांगलीकडचा. "तुम्ही बाप छापलाय."

मी माफी मागितली आणि विचारलं, तुम्हाला कसं कळलं? इतक्या बारकाईने कोरिया कुणी वाचत नाही.

"थोरातसाहेबांच्या हाताखाली तिकडं हुतो मी. त्रेपन्नला."

शस्त्रसंधीनंतर ज्या युद्धकैद्यांना मायदेशी परतायचं नव्हतं, त्यांचा ताबा भारतीय फौजेकडे होता. त्यासाठीच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आमच्या कोल्हापूरकडचेच. मी आदल्या दिवशी शस्त्रसंधीवर एक ओळ लिहिली होती आणि हे मला आठवलंही नव्हतं.

म्हातारबुवा थंडीबद्दल बोलले, तारेच्या कुंपणाबद्दल बोलले. कैदी दगड मारायचे, आणि साहेबांचा हुकूम होता, गोळी झाडायची नाही. मग म्हणाले, "आम्ही हुतो तवा पयला हुता. दुसऱ्याच्या जागी तुम्ही त्योच छापला. आता तिसऱ्याचा तरी नीट लावा."

बुधवारी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती गेली. त्या दिवशी मी फोटोंचं फोल्डर आवरलं आणि फायलींना नावं दिली: किम-१, किम-२, किम-३. २८ तारखेच्या अंत्ययात्रेचा फोटो किम-३ मध्ये गेला. बर्फात मोटारीला हात लावून चालणारा मुलगा आणि त्याच्या अगदी पाठीशी आत्याचे यजमान, जांग सोंग थेक. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांना मृत्युदंड दिला तेव्हा त्याच फोटोत त्यांच्याभोवती लाल वर्तुळ काढून तो पुन्हा छापला. २०१७ च्या फेब्रुवारीत क्वालालंपूरच्या विमानतळावर किम जोंग उनच्या सावत्र भावाला विषारी रसायन लावून मारलं, तेव्हा मथळ्यात 'भाऊबंदकी' लिहिताना कुणी हरकत घेतली नाही.

तो प्रशिक्षणार्थी आता डेस्क सांभाळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये क्षेपणास्त्राशेजारी बापाचा हात धरून उभ्या असलेल्या पांढऱ्या कोटातल्या मुलीचा फोटो आला. एजन्सीच्या मजकुरात तिचं नावही नव्हतं. त्याने मला काही विचारलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर फाईल फोल्डरमध्ये होती: किम-४.